कोन्ता वामन?

सावद्यात, खताच्या दुकानावरच्या माडीत
कूलर पाणी शिंपडतो, गारवा देत नाही.
बाहेर चव्वेचाळीस.
खाली काट्यावर केळीचा ट्रक उभा आहे
आणि ड्रायव्हर पावती मागतोय,
जी माझ्याच्यानं निघत नाहीये.

तोलाचा प्रोग्राम फिरकेनं लिहिला.
मूळ लिखाण त्याच्या लॅपटॉपसोबत सुरतेला गेलं.
इथे उरली तोंड शिवलेल्या पोत्यासारखी फाइल:
चालते, पण उसवून वाचता येत नाही.
फिरके परत फिरकला नाही.
या विनोदाला ऑफिसात आता कुणी हसत नाही.

आत 'मोज' नावाच्या नऊ मेथड.
एकीला नुसते घड लागतात.
एकीला क्रेट आणि भाव.
एकीला भरला ट्रक, रिकामा ट्रक,
आणि वाटेत गळणाऱ्या पाण्याची सूट.
एकीला काहीही चालतं,
आणि तीच मेली दर वेळी पुढे पुढे करते.

नुसतं 'मोज' म्हटलं की यंत्र अडतं:
या नावाच्या अनेक आहेत.

माहीत आहे.
आमच्या गावात वामन झोपे चार.
नवखा माणूस स्टँडवर उतरून विचारतो, तेव्हा
शेव तळता तळता प्रल्हादभाऊ झारा थांबवतो.
"कोन्ता वामन पाह्यजे भो?"
"झोपे."
"झोपे तं सगळेच. तुमी त्याले काय द्याले आले, ते सांगा."

चेक असेल तर ट्यूबवेलवाला.
लग्नाची पत्रिका असेल तर ज्याची मुलगी नर्स आहे तो.
नोटीस असेल तर प्रल्हादभाऊ म्हणतो,
असा कोणी इथं राहत नाही.

मी फाइलीसमोर आरसा धरते.
तुझ्यात जे जे आहे ते सगळं दाखव.
त्यातलं नाव 'मोज' असलेलं ठेव.
नऊ.
ज्यांच्या ओंजळीत दोनच गोष्टी मावतात, तेवढ्या ठेव.
तीन.
पहिली गोष्ट घडांची यादी असेल, ती.
एकही नाही.

ड्रायव्हर हॉर्न वाजवतो.
मी पुन्हा पुन्हा तेच विचारते, मोठ्यानं विचारल्यासारखं.

मग कळतं, यादी आहे,
पण कशाची, ते फिरकेनं लिहिलेलंच नाही.
जागा मोकळी ठेवलीय,
बारशाआधी पाळण्यावर चिकटवलेल्या कोऱ्या कागदासारखी.
जो बोलवेल त्यानं नाव घालावं.
म्हणून प्रश्न बदलते:
कशाची ते राहू दे. यादी आहे ना?

एक.

'पहिली सापडेल ती दे' म्हटलं असतं
तर पावती केव्हाच निघाली असती, कुणाच्या तरी नावावर.
पण मी शेवटी लिहिते 'एकच'.
दोन निघाल्या तर मोड, बोंब मार,
चुकीच्या वामनच्या हातात चेक नको.

चौदा टन, तीनशे वीस किलो.
ट्रक रावेरच्या दिशेनं वळतो.
कूलरमधलं पाणी संपलेलं असतं.

संध्याकाळी, कुणी नसताना,
मी तोच प्रश्न माझ्या फोनला घालते.
नाव: 'येतो'.
दोनशे अकरा.
येतो, दहा मिनिटात.
येतो, भरीत आणतो.
येतो, तुझी स्कूटी दे.
आणि जिन्यावर हेल्मेट घालता घालता म्हटलेलं,
फोनमध्ये नसलेलं एक, ज्याच्या हातात काहीच नव्हतं.
जाताना आपल्याकडे तेच म्हणतात,
त्याचा अर्थ लावायचा नसतो.

तरी मी अट घालते:
ज्यात पुढची तारीख आहे, असं.
एकच.

यंत्र ओरडतं. शून्यालाही ते ओरडतं,
हे मी विसरले होते.

खाली काट्याचा दिवा तसाच लागलेला, रिकाम्या पाटावर.
मी शेवटचा शब्द खोडते,
आणि लिहिते:
एकच, असलं तर.